शब्दचर्चा : 'विटनेस' आणि आमिश लोकांसाठी मराठी शब्द (बोलणाऱ्यांची नावं ही टोपणनावं आहेत)

तळटीप : पीटर वीअरच्या 'विटनेस' (1985) या चित्रपटाची मराठी उपशीर्षकं आणि पानभर परिचय करायचा आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टर परगण्यातली, आमिश या जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातली विधवा रेचल आणि तिचा लहानगा सॅम्युएल प्रवासाला निघतात. फिलाडेल्फियाच्या स्टेशनातल्या स्वच्छतागृहात पोराच्या डोळ्यांदेखत खून होतो. खुनी पोलिसांपैकीच निघतो आणि तपास करणारा जॉन बुक (हॅरिसन फोर्ड) गोळी लागलेल्या अवस्थेत रेचलच्या सासऱ्याच्या शेतावर दडून राहतो. अडलंय ते असं : नावाला 'साक्षीदार' फार कोर्टकचेरीचं वाटतं. 'अमिश' की 'आमिश'? 'इंग्लिश' (आमिश नसलेले लोक), 'शनिंग' (पंथातून काढलेल्याशी व्यवहार तोडणं), 'बार्न रेझिंग' (सगळ्यांनी मिळून कोठार उभारणं) यांचं काय करायचं?

मुद्रितशोधक : उच्चार 'आ'नेच सुरू होतो, म्हणून 'आमिश'. फक्त 'श' शहामृगाचा ठेवा. 'ष' पडला की 'आमिष समाज' होतो आणि वाचक गळाला काय लावलंय ते शोधत बसतो. नाव आलंय याकोब अमान या धर्मगुरूवरून. 1693 मध्ये स्वित्झर्लंड-आल्सास भागातल्या ॲनाबॅप्टिस्टांत (मोठेपणीच बाप्तिस्मा घेणाऱ्या ख्रिस्ती लोकांत) फूट पडली, त्यातला अमानच्या बाजूचा गट म्हणजे हे लोक. 'जमात' लिहू नका, 'पंथ' लिहा. जन्माने कोणी पूर्ण सभासद होत नाही, मोठेपणी स्वतः बाप्तिस्मा घ्यावा लागतो. हा मुद्दा 'शनिंग'च्या वेळी लागेल.

आणि परिचयात 'दुर्गम', 'एकाकी वस्ती' असलं काही नको. लँकेस्टर फिलाडेल्फियापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, भोवती हमरस्ते, पर्यटकांच्या बसगाड्या. आमिश शेताला लागून बिगर-आमिश शेत असतं. 'अलिप्त' म्हणा, ते नेमकं आहे. चित्रपटात बुक गावातल्या दुकानातून फोन करतो, आणि गावातच टवाळखोरांना ठोसे लगावतो म्हणून त्याचा ठावठिकाणा फुटतो. वस्ती दुर्गम असती तर गोष्ट तिथेच अडली असती.

दिवाणी-फौजदारी : 'साक्षीदार' ठेवा. मराठीत या शब्दाचं एकवचन आणि अनेकवचन दिसायला एकच, आणि या चित्रपटाला तेच हवंय. सुरुवातीला साक्षीदार एक पोरगा. शेवटी घंटा ऐकून शेजारपाजारचे सगळे शेतातून धावत येतात, नुसते उभे राहतात, आणि एवढ्या डोळ्यांदेखत गोळी झाडणं बुकला मारायला आलेल्या पोलीस प्रमुखाला जमत नाही. तेही साक्षीदारच. नुसतं 'साक्षी' ठेवलंत तर लोक नायिकेचं नाव समजतील, किंवा वेदान्तातला साक्षीभाव. मराठी ख्रिस्ती लेखनात 'साक्ष देणे' रूढ आहे, तो धार्मिक पदर 'साक्षीदार'मध्येही थोडा उरतो.

संवादांत मात्र नीट पाहून शब्द घाला. सॅम्युएल 'प्रत्यक्षदर्शी' किंवा 'नजरेचा साक्षीदार'. 'पंच' नाही, पंच पंचनाम्याला हजर असतो, गुन्ह्याला नव्हे. 'माफीचा साक्षीदार' म्हणजे गुन्ह्यात सामील असून माफीच्या बोलीवर साक्ष देणारा. काही अनुवादांत तो कुठल्याही सरकारी साक्षीदाराला चिकटवलेला दिसतो, ते चूक. संशयितांची रांग दाखवतात तिथे 'ओळखपरेड'. पण खरा खुनी ओळखला जातो तो पोलीस ठाण्यातल्या काचेच्या कपाटातल्या वर्तमानपत्राच्या कात्रणावरून. पोरगा बोट दाखवतो, बुक हळूच ते बोट झाकून खाली घेतो. तिथे संवाद नाही, कृपा करून कंसात 'ओळख पटते' वगैरे घालू नका.

तळटीप : साक्षीदार पक्का. आता 'इंग्लिश'. रेचलचा सासरा, म्हातारा एली, स्टेशनवर नातवाला बजावतो आणि शेवटी बुकलाही तेच सांगतो, की त्या 'इंग्लिश' लोकांत जपून राहा.

मुद्रितशोधक : 'इंग्रज' केलंत तर थेट 1857. आमिश नसलेला प्रत्येक जण त्यांच्या लेखी 'इंग्लिश', मग तो इटालियन वंशाचा असो की काळा. घरात ते पेनसिल्वेनिया डच बोलतात. त्यातलं 'डच' म्हणजे 'डॉइच', जर्मनच. हॉलंडशी संबंध जोडू नका. इंग्रजी ही बाहेरच्यांशी बोलायची भाषा, म्हणून बाहेरचा तो इंग्लिश. मी 'इंग्लिश' तसाच ठेवीन आणि पहिल्या वेळी 'त्या बाहेरच्या इंग्लिश लोकांत' असं लिहीन. शेवटच्या वाक्यात 'बाहेरच्या' गाळायचं. बुक स्वतःच इंग्लिश आहे, आणि म्हातारा त्याला आपल्यातला धरून सांगतोय. ही गंमत 'बाहेरच्या'मुळे मरते.

जिरायती : 'बार्न रेझिंग'ला 'इर्जिक'. एखाद्याच्या रानात गावाने आपापली औतं घेऊन दिवसभर राबायचं आणि मालकाने जेवण घालायचं. 'सावड' नको, सावडीत हिशोब असतो : आज माझे बैल तुझ्याकडे, उद्या तुझे माझ्याकडे. आमिश कामात असा हिशोब मांडत नाहीत, आणि त्या प्रसंगात लांबच लांब जेवणाची टेबलं आहेतच.

ओळंबा : भावना बरोबर, पण इर्जिक म्हटलं की नांगर दिसतो, इथे तर सुतारकाम आहे. संवादात 'उद्या सगळे मिळून कोठार उभारायचं' पुरे, 'इर्जिक' परिचयात वापरा. 'बार्न'ला 'गोठा' अपुरा आणि 'कोठार'ही थोडं अपुरंच, कारण खाली जनावरं आणि वर चारा-धान्य असतं. तरी 'कोठार' चालेल.

कामाचे शब्द चुकू नयेत म्हणून क्रम सांगतो. पाया आणि खालची जमीन आधीच तयार असते, एका दिवसात होतं ते वरचं. खांब आणि तुळया जमिनीवर आडव्या ठेवून खाच-खुंटीने जोडतात आणि अख्खी चौकट बनते. ती माणसं हातांनी उचलतात, हात पोचेनासे झाले की लांब बांबूसारख्या टोकदार काठ्यांनी रेटतात. बुडाला अडणी दिली नाही तर खांब सरकतो. जोर जास्त झाला तर चौकट ओळंब्यापलीकडे जाऊन दुसऱ्या अंगाला कोसळते, म्हणून त्या बाजूने दोर ताणून धरणारे वेगळे असतात. दोन चौकटी उभ्या राहिल्या की आडव्या तुळयांनी बांधायच्या, मग वासे, मग एकीकडे छप्पर आणि एकीकडे भिंतीच्या उभ्या फळ्या. म्हणून 'भिंती उचलल्या' लिहू नका, उचलतात त्या चौकटी. भिंत शेवटी येते.

'बग्गी' मात्र खुशाल बग्गीच. टांग्याला दोन चाकं, लँकेस्टरच्या बंदिस्त बग्गीला चार.

जिरायती : सायलोच्या, म्हणजे धान्य-चारा साठवायच्या उंच टाकीच्या, प्रसंगात 'कणगी' कोणी सुचवेल, ऐकू नका. कणगी घरात मावते. 'पेव' जमिनीखाली असतं आणि पेवात माणूस मरतो तो कोंडलेल्या हवेने. इथे बुक वरून मका सोडतो आणि त्याच्या मागावर आलेला खालचा पोलीस दाण्यांत गाडला जातो. सुटे दाणे भोवती घट्ट बसतात, छाती फुगवायला जागा राहत नाही, आणि हातपाय मारले की आणखी खाली जायला होतं. 'मक्याखाली गाडला गेला' म्हणा. 'बुडाला' नको. आणि 'सायलो' हाच शब्द, मुरघास करणाऱ्यांना तो माहीत आहे.

तळटीप : 'शनिंग' राहिलं. 'वाळीत टाकणं' लिहून ठेवलंय.

दिवाणी-फौजदारी : जवळचा शब्द तोच, पण आपल्याकडे तो ऐकला की जातपंचायत, दंड, अख्ख्या कुटुंबाची कोंडी आणि 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा डोळ्यांसमोर येतो. आमिश 'मायडुंग' (शनिंगलाच त्यांचा शब्द) वेगळ्या रीतीने चालतं. ते फक्त बाप्तिस्मा घेतलेल्या सभासदालाच लागू होतं. रेचलला लागेल, सॅम्युएलला लागणार नाही. आधी मंडळीतून काढतात, मग व्यवहार तोडतात. चूक कबूल करून परतलं तर पुन्हा घेतात. अमानच्या फुटीत हाच तंटा मोठा होता : काढलेल्याशी साधे व्यवहारही तोडायचे की नाही.

मुद्रितशोधक : रेचलची बुकशी जवळीक वाढते तेव्हा एली तिला हेच सांगतो : तुझ्यासोबत एका टेबलाशी जेवता येणार नाही, तुझ्याकडून काही घेता येणार नाही, उपासनेला बरोबर जाता येणार नाही. तिथे 'वाळीत' एकदाच येऊ द्या, पुढे मोजकी वाक्यं.

तळटीप : मसुदा : 'वाळीत टाकतील तुला. तुझ्या पंगतीला बसता येणार नाही मला. तुझ्या हातचं घेता येणार नाही.'

दिवाणी-फौजदारी : 'पंगतीला' छान. 'हातचं' बदला, त्यात विटाळ डोकावतो. मायडुंगमध्ये शिवाशिव नाही. काढलेल्या माणसाला मदत करता येते, दुखण्याखुपण्यात धावून जाता येतं. त्याच्याकडून घेता येत नाही. 'तुझ्या हातून काही घेता येणार नाही' करा.

तळटीप : केलं. 'पंगतीला'च्या आधीचं 'तुझ्या'ही काढतोय, नाहीतर पंगत तिची एकटीची होते : 'एका पंगतीला बसता येणार नाही आपल्याला.'