‘निमलष्करी’, ‘वादळी दल’ की ‘काळे डगलेवाले’?

कोशकिडा:
मंडळी, मुसोलिनीच्या काळावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय आणि दोन दिवस एकाच शब्दाशी अडलोय. पॅरामिलिटरी म्हटलं की हात आपोआप ‘निमलष्करी दल’ लिहितो. पण आपल्याकडे निमलष्करी म्हणजे निवडणुकीच्या बंदोबस्ताला येणारे सीआरपीएफचे जवान, सीमेवरचं बीएसएफ. पगार सरकारी, हुकूम सरकारी. १९२१ च्या सुमारास पो नदीच्या खोऱ्यात ट्रक भरभरून यायचं, शेतमजुरांच्या संघटनेचं कार्यालय जाळायचं आणि पसार व्हायचं, हे करणारे मुसोलिनीचे काळ्या सदऱ्यातले फॅसिस्ट कुठल्या सरकारचे होते? बड्या जमीनदारांचा पैसा त्यांच्यामागे होता. काय लिहू?

जुनी पेटी:
‘काळे डगलेवाले’ लिहा की. खान अब्दुल गफारखानांच्या माणसांना आपण ‘लाल डगलेवाले’ म्हणत आलोच आहोत. साचा तयार आहे.

कोशकिडा:
साचा तयार आहे हीच तर भीती! ते लाल डगलेवाले, म्हणजे खुदाई खिदमतगार, अहिंसेची शपथ घेतलेले. त्यांच्या शेजारी यांना कसं बसवू? शिवाय डगला म्हणजे वरून घालायचा लांब कोट. इटालियन शब्द आहे ‘कामीचा’, म्हणजे साधा सदरा. (गंमत म्हणजे सलवार-कमीजमधला ‘कमीज’ आणि हा ‘कामीचा’ यांचं मूळ एकच, उत्तरकालीन लॅटिनमधलं.) सदऱ्याच्या रंगावरून माणसं ओळखायची चाल तिथे जुनी, १८६० चे गारिबाल्डीचे लाल सदरेवाले आठवा. काळा रंग आला तो पहिल्या महायुद्धातल्या ‘आर्दिती’ या धाडसी तुकड्यांकडून. लढाई संपली, घरी आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी काळा रंग काही सोडला नाही.

म्युनिक-पुणे:
जर्मन बाजूचा घोटाळा याहून मोठा आहे. हिटलरच्या नाझी पक्षाच्या एसएला (‘श्टुर्मआब्टायलुंग’) मराठीत ‘वादळी दल’ किंवा ‘तुफानी दल’ लिहिलेलं वाचलं की मला दाढदुखी सुरू होते. ‘श्टुर्म’ म्हणजे वादळ, खरं आहे. पण सैनिकी बोलीत श्टुर्म म्हणजे चढाई, हल्ला. खंदकांवर चालून जाणाऱ्या निवडक तुकड्यांना महायुद्धात हाच शब्द होता, तिथूनच तो पक्षाने उचलला. तेव्हा ‘हल्ला पथक’ म्हणा. त्याआधीची नावंही पाहा. आधी ‘सभागृह रक्षक’, मग १९२१ मध्ये ‘व्यायाम व क्रीडा विभाग’ आणि त्याच वर्षी ‘हल्ला पथक’. नाव आखाड्याचं, धंदा सभांमध्ये डोकी फोडण्याचा.

सातारकर:
‘तुफान’ला माझाही विरोध. आमच्याकडे तुफान सेना म्हणजे पत्री सरकारची, कुंडलच्या जी. डी. बापू लाडांची. इंग्रजांविरुद्ध उभी राहिलेली. तो शब्द एसएच्या ब्राउनशर्टांना, तपकिरी सदरेवाल्यांना, देऊ नका बुवा.

कोशकिडा:
मान्य. पण ‘पथक’ही सरळ नाही. इटालियन ‘स्क्वाद्रा’ म्हणजे पथकच, फुटबॉलच्या संघालाही तेच म्हणतात, त्यावरून ‘स्क्वाद्रिस्ती’. मराठीत पथक म्हटलं की ढोल-ताशा, नाहीतर कॉपी पकडणारं भरारी पथक. त्यांच्या हातातल्या ‘मांगानेल्लो’ला सोटा हा शब्द चपखल बसतो. पण त्यांचं दुसरं हत्यार होतं एरंडेल. विरोधकाला धरून बाटलीभर पाजायचं आणि गावासमोर त्याची शोभा करायची, कधी त्यात माणूस दगावायचा. भाषांतर अगदी अचूक, ‘एरंडेल पाजलं’. आणि वाचक हसतो, कारण त्याला आजी आठवते. दुसरा शब्दच नाही, त्यामुळे पुढच्याच वाक्यात मरण लिहावं लागतं.

जुनी पेटी:
मग ‘गणवेशधारी टोळ्या’? ‘गणवेश’ शाळेतला वाटतो, पण इथे कपडाच मुद्द्याचा आहे. १९३० मध्ये जर्मनीतल्या प्रशिया राज्याने तपकिरी सदऱ्यावर बंदी घातली, तर एसएवाले पांढरे सदरे घालून रस्त्यावर आले. ब्रिटनने तिथला फॅसिस्ट पुढारी मोस्ली याच्या काळ्या सदरेवाल्यांना आवरायला कायदाच केला, १ जानेवारी १९३७ पासून राजकीय गणवेश बंद.

म्युनिक-पुणे:
‘टोळ्या’ चालेल, पण तारीख बघून. २८ ऑक्टोबर १९२२ ला रोमवर चाल झाली, मुसोलिनी स्वतः आगगाडीने दोन दिवसांनी पोचला आणि पंतप्रधान झाला. १९२३ च्या सुरुवातीला याच टोळ्यांची अधिकृत मिलिशिया झाली, ‘राष्ट्रीय सुरक्षेसाठी स्वयंसेवी’ वगैरे लांबलचक नावाची. निष्ठा सुरुवातीला राजाशी नव्हे, मुसोलिनीशी. जर्मनीत तर हिटलर सत्तेवर आल्यावर काही आठवड्यांतच असं झालं. २२ फेब्रुवारी १९३३ ला हिटलरचा सहकारी गोरिंग याने प्रशियात एसए, नाझींचंच दुसरं दल एसएस आणि माजी सैनिकांची संघटना श्टालहेल्म यांच्यातून सुमारे ५०,००० माणसं सहायक पोलीस म्हणून घेतली. माणूस तोच, सदरा तोच, फक्त दंडावर पांढरी पट्टी. आता त्याला ‘निमलष्करी’ म्हटलं तर चूक काढता येईल का?

कोशकिडा:
म्हणजे मी ज्या शब्दावर चिडलो होतो तोच लेखाच्या उत्तरार्धात बरोबर ठरतो! ठीक. १९२३ च्या आधी ‘सोटेवाल्या टोळ्या’, नंतर ‘निमलष्करी मिलिशिया’. संपादकांचा आग्रह आहे की एका लेखात एका गोष्टीला एकच शब्द हवा. उद्या सकाळी फोन करून त्यांना ती पांढरी पट्टी सांगतो.