आकाशात ठिपके, रस्त्याची जेली

दोनचाकी:
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. रविवारी मैत्रिणीचं सायकलिंग शूट केलं. मोठा डीएसएलआर कॅमेरा ट्रायपॉडवर, छोटा ॲक्शन कॅमेरा तिच्या हँडलवर. भर दुपार, ढगाचा पत्ता नाही. सेकंदाला २५ फ्रेम्स असतील तर शटर (एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) १/५० सेकंद ठेवायचं असं वाचलेलं, ते इमानदारीत ठेवलं. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००. तरी सगळं पांढरंफटक, म्हणून ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) बारीक करून थेट एफ/२२ केलं. घरी मोठ्या स्क्रीनवर बघते तर आकाशात चार काळपट ठिपके! आधी वाटलं घारी असतील. पण घारी दर शॉटमध्ये त्याच जागी कशा? लेन्स तीनदा पुसली, ठिपके ढिम्म.

शिवाय हँडलवरच्या क्लिपमध्ये रस्ता जेलीसारखा थुलथुलतो, आणि एडिटिंगला घेतली की ती मध्ये मध्ये अडखळते. तो कॅमेरा ३० फ्रेम्सवर होता.

जुना_ट्रायपॉड:
घारी आवडल्या. ती कॅमेऱ्याच्या आत चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरची धूळ आहे, लेन्स कितीही पुसा. ॲपर्चर बारीक केलं की धुळीची सावली ठसठशीत पडते; भोक मोठं करून एफ/४ला तेच आकाश बघा, ठिपके विरघळतील. एफ/२२ला चित्रही मऊ पडतं ते वेगळंच. उन्हात १/५० हवं असेल तर लेन्सला गॉगल घाला, म्हणजे एनडी फिल्टर. एफ/२२ ते एफ/४ पाच स्टॉप, दर स्टॉपला उजेड दुप्पट, म्हणजे ३२ पट, म्हणून उजेड तेवढा कमी करणारा एनडी३२. फिरवून गडद करायचा व्हेरिएबल एनडी सोयीचा, पण वाइड (रुंद दृश्य घेणाऱ्या) लेन्सवर टोकापर्यंत फिरवलात तर आकाशात काळी फुली उमटते. माझ्या एका अख्ख्या सूर्यास्तावर ती बसलीय.

सेन्सर साफ करताना मेनूतून सेन्सरपुढचा आरसा वर घ्या, कॅमेरा उपडा धरा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. (कसं कळलं ते विचारू नका.)

अडखळण्याचं कारण साधं आहे. २५च्या टाइमलाइनवर ३०ची क्लिप टाकली की दर सहावी फ्रेम गळते. ॲक्शन कॅमेरा मेनूतून पाल (PAL) या व्हिडिओ पद्धतीवर टाका, २५ किंवा ५० मिळेल.

रानभूल:
ॲक्शन कॅमेऱ्यालाही एनडी लावून टाका ना, हालचाल मऊ दिसते.

जुना_ट्रायपॉड:
हँडलवर नको. त्याचं ॲपर्चर बदलत नाही, त्यामुळे उन्हात तो शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नेतो आणि हादऱ्यातही प्रत्येक फ्रेम स्वच्छ येते. एनडीने शटर मंदावलं की स्टॅबिलायझेशन (कॅमेऱ्यातली हादरे सावरणारी सोय) फ्रेम जागेवर आणतं, पण फ्रेममध्ये आधीच बसलेला धूसरपणा काढू शकत नाही. चित्र स्थिर, पण मधेच पुसट, विचित्र दिसतं. जेली होते कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्यात हँडल थरथरतं. माउंटचा दांडा जितका आखूड तितकं बरं. खरं तर छातीच्या पट्ट्यावर लावा, अर्धे हादरे अंगच खातं.

रानभूल:
हे पटलं. मी पायी चालताना वापरतो, म्हणून खपून गेलं असेल.

दोनचाकी:
आज करून पाहिलं. छातीवर लावल्यावर जेली जवळपास गेली, फक्त चढावर मैत्रीण वाकली की नुसता टायर दिसतो; कॅमेरा थोडा वर कलवावा लागला. ५०वर घेतलेली क्लिप कुठेही अडखळली नाही. एनडी अजून घ्यायचाय. ब्लोअरने तीन ठिपके उडाले. चौथी घार अजून उजव्या कोपऱ्यात बसून आहे.