दहावीनंतर मुलीला वर्षभर ब्राझीलला पाठवावं का? (रोटरी यूथ एक्स्चेंज)

ताकारीकर
नमस्कार मंडळी. थोरलीची दहावी झाली. रोटरीच्या यूथ एक्स्चेंजमध्ये (वर्षभर परदेशात तिथल्या घरांत राहून तिथल्या शाळेत जायचं) तिची निवड झालीय. देश ब्राझील, गाव उबेराबा, मिनास जेराइस राज्य. जुलैअखेर जायचं, पुढच्या जूनमध्ये परत. घरात दोन तट पडलेत. आई म्हणते पोरीला एवढ्या लांब कशाला, मेहुणे म्हणतात जेईईच्या शर्यतीत वर्ष वाया. त्यात आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा शिजत नाही. पोरगी मात्र आत्तापासूनच मोबाइलवर पोर्तुगीज घोकतीय. कुणी तिकडं राहून आलंय का? गोड गोड नको, आहे ते सांगा.

बिनधास्त_बापू
मेहुणे बरोबर बोलतायत. सोळाव्या वर्षी परक्याच्या घरात पोरगी ठेवायची आणि वर आपण तिकीट काढायचं, हा कुठला धंदा? फिरायचंच असेल तर इंजिनिअरिंग झाल्यावर आख्खं जग पडलंय.

वारणाकाठची
काका, मी याच उबेराबात राहून आलेय, त्यामुळे गप्प बसवत नाही. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी 2014 च्या ऑगस्टमध्ये गेले. जर्मनीने ब्राझीलला 7-1 ने धुतलं त्याला जेमतेम महिना झालेला आणि तो सामनाही त्यांच्याच राज्यात, बेलो होरिझोंतेला. वर्गात कुणाची पाण्याची बाटली जरी सांडली तरी मागच्या बाकावरून ओरडा, ‘गोल दा अलेमान्या!’, म्हणजे जर्मनीचा गोल. ऑक्टोबरमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक आली. तिथं सोळाव्या वर्षी मत देता येतं (अठरानंतर सक्तीचंच), त्यामुळे माझ्याच वर्गातली पोरं मतदान करून आली आणि सोमवारी बाकाबाकावर भांडणं. आमच्याकडे अकरावीच्या वर्गात कोण राजकारणावर भांडतं सांगा.

आता तुमचा मुद्दा. वर्ष जातं. ‘वाया जात नाही हो’ असं मी म्हणणार नाही, कागदावर ते जातंच. तिकडच्या शाळेच्या कागदाला इथं अकरावी पास समजतील हे धरून चालू नका. परत आल्यावर गॅपचं प्रतिज्ञापत्र देऊन अकरावीला बसायचं, इतकं मनाशी आधीच ठरवा. ते ठरत नसेल तर पाठवूच नका, कारण मधला मार्ग सगळ्यात वाईट. आमच्या तुकडीतल्या एका मुलाच्या घरच्यांनी बॅगेत फिजिक्स-केमिस्ट्रीचे ठोकळे भरून दिले होते. घरातली माणसं अंगणात गप्पा मारत बसलेली आणि हा खोलीत दार लावून गणितं सोडवतोय. परत आला तेव्हा धड जेईई नाही, धड पोर्तुगीज नाही.

शाळा सकाळी सातला भरते आणि बारा-साडेबाराला सुटते. दुपारचं जेवण घरी. खरी परीक्षा त्यानंतर, कारण दुपार संपता संपत नाही. भाषा येत नाही, मैत्रिणी त्यांच्या त्यांच्या क्लासला गेलेल्या. पहिल्या घरातल्या आजीमुळे माझ्या दुपारी निघाल्या. त्या स्पिरिटिस्ट होत्या. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये आलां कार्देक नावाच्या गृहस्थाने हा पंथ काढला, पुनर्जन्म मानणारा, आणि आज तो सगळ्यात जोरात आहे ब्राझीलमध्ये. त्यांचा सगळ्यात मोठा माणूस शिको शाव्हियेर 1959 पासून उबेराबातच राहिला आणि 30 जून 2002 ला गेला, ब्राझीलने वर्ल्डकप जिंकला त्याच दिवशी. आजी हे सांगताना न चुकता माझा हात दाबायच्या. भारतातली मुलगी म्हणजे गेल्या जन्माची यादी हिला पाठच असणार, असा त्यांचा ठाम समज. मी कोण होते, त्या कोण होत्या, शेजारची मारकी कुत्री कोण होती, सगळं विचारून झालं. उत्तरं द्यायची तर क्रियापदं लागतात. माझा भूतकाळ तिथेच पक्का झाला.

बाकीच्यांना भारत म्हणजे 2009 साली ग्लोबो वाहिनीवर गाजलेली एक मालिका. रस्त्यात लोक हात जोडून ‘अरे बाबा!’ म्हणतात, त्यावर हसायचं आणि पुढं जायचं.

खाण्याचं ऐका, नीट ऐका, कारण तुम्ही माळकरी आहात. तिथं रोज भात आणि घेवड्यासारखं कडधान्य असतं, त्यामुळे उपाशी कुणी मरत नाही. पण त्या कडधान्यात बहुतेक घरी डुकराचा तुकडा टाकतात. सांगितलं तर वेगळं पातेलं काढतात, पण आधी सांगावं लागतं, ईमेलमध्ये, स्पष्ट. ‘शाकाहारी’ एवढं लिहून भागत नाही. कोंबडी, मासा, अंडं, हॅम एकेक नाव घालून लिहा. चीजचे ते गोल मऊ पाव, पाओ दि केजू, मिनासची शान, त्यातही अंडं असतं.

आणि एक गोष्ट आधीच कळलेली बरी. उबेराबा ही झेबू गुरांची, म्हणजे आपल्यासारख्या वशिंडाच्या गुरांची, राजधानी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून तिथले पशुपालक आपल्याकडे येऊन बैल नेत होते. तिकडचं नेलोर म्हणजे आपलं ओंगोल, गीर तर नावासकट गीर. दरवर्षी एप्रिल-मेच्या सुमारास ‘एक्स्पोझेबू’ भरतं. मी गेले तर समोर लोंबत्या कानांची, लाल ठिपक्यांची गीर गाय, शांपू लावून धुतलेली, आणि तिच्यापुढे टोपी काढून उभे असलेले माझे दुसऱ्या घरचे बाबा. गायीच्या कपाळावरून हात फिरवताना त्यांचा आवाज आपल्या आजोबांसारखा हळवा झाला होता. त्याच बाबांनी पुढच्या रविवारी अंगणात निखाऱ्यावर कुपीं लावलं. कुपीं म्हणजे झेबूचं वशिंड. आमच्या गोठ्यात खिलार जोडी होती, बेंदराला त्याच वशिंडावर आम्ही झूल चढवायचो. मी ताट घेऊन आत गेले, भात खाल्ला. कुणी बळजबरी केली नाही, कुणी टोमणाही मारला नाही. पण त्यांनी शेगडी विझवावी अशी अपेक्षा करायला मी कोण? तुमच्या मुलीला हे जमेल का, हे तिलाच विचारा. मला विचाराल तर दहावीच्या मार्कांपेक्षा ह्याचं उत्तर महत्त्वाचं.

ऊसवाल्या घरातली असेल तर तिची मजा आहे. शहराबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना ऊस, पण कोयता घेतलेली टोळी नाही, झोपड्या नाहीत, रात्री दिवे लावून एकटं मशीन फडात फिरतंय. पंपावर पेट्रोलशेजारी उसाचं इथेनॉल. 2003 पासून दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या आल्या, त्यामुळे पंपावर हिशेब ठरलेला: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असला तरच ते भरायचं. माझ्या वडिलांना हे फोनवर सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांना वाटलं की पोरगी काहीतरी शिकतीय.

फिरणं म्हणाल तर देशभरातल्या एक्स्चेंजवाल्यांची ईशान्य किनाऱ्याची बस सहल असते, पैसे वेगळे. जमलं तर चुकवू देऊ नका. पोर्तो सेगुरोला मार्गदर्शकाने सांगितलं की 1500 साली काब्राल निघाला होता भारताला, वाटेत हा किनारा लागला, आणि तिथून तो खरंच कालिकतला पोचला. सगळ्या बसने माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या, जणू मीच बोलावलं होतं त्याला. साल्वादोरला पांढऱ्या घेरदार झग्यातल्या बायका रस्त्यावर अकाराजे तळतात. चवळी भिजवून, साल काढून, वाटून, केशरी पामतेलात तळलेला आपला वडाच तो. आत कोळंबी भरतात, ती नको म्हणून आधी सांगायचं.

बापूंना: तिकीट, विमा, व्हिसा आपण काढतो हे खरं. राहणं, जेवण, शाळा आणि दरमहा थोडा हातखर्च तिकडचा क्लब आणि घरं बघतात. नियमही कडक आहेत. गाडी चालवायची नाही, दारू नाही, ड्रग्ज नाहीत, प्रेमप्रकरण नाही. मोडला तर पुढच्या विमानाने घरी. संध्याकाळी रस्त्यात मोबाइल हातात धरून चालायचं नाही, हे मात्र तिथं गेल्यावर पहिल्याच दिवशी शिकावं लागतं.

अंबाबाई_गल्ली
ताकारीकर, दुसरी बाजू सांगते. आम्ही कोल्हापुरात एक फ्रेंच मुलगी तीन-चार महिने ठेवून घेतली होती. पाठवणाऱ्या घराने बहुधा कुणाचं तरी पोर ठेवून घ्यायचं असतं, ते विचारलंत का? आमची सकाळी सहाला उठून सासूबाईंबरोबर देवीला जायची आणि येताना मिसळ खाऊन यायची. मिसळीवर पाव किती घ्यायचे यावरून माझ्या नवऱ्याशी तिचं भांडण होई. बाकी पाहुणी म्हणून लाड करू नका, केर काढायला लावा, पोरं लवकर रुळतात.

ताकारीकर
वारणाकाठची, ताई म्हणू की पोरी म्हणू? वशिंडाचं वाचून आईसमोर वाचायचं धाडस झालं नाही, पण मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मी आत जाऊन भात खाईन.’ आता लशीचं, कागदांचं सांग. आणि कुकर द्यावा का बरोबर? किती वेळा फोन करावा?

वारणाकाठची
पोरीच म्हणा काका.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रावर घ्या, निघायच्या किमान दहा दिवस आधी, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टला जोडून ठेवा. ब्राझीलहून परतताना आपल्याच विमानतळावर ते मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. व्हिसा मुंबईच्या वकिलातीतून. तिथं पोचल्यावर नव्वद दिवसांच्या आत फेडरल पोलिसांकडे नोंदणी. क्लबचा माणूस बरोबर येतो, पण तारीख तुम्हीही लिहून ठेवा.

फोन आठवड्यातून एकदा. ते आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहेत, म्हणजे तुमच्या सकाळी साडेसहाला तिचे रात्रीचे दहा. पहिले दोन महिने ती रडेल, तेव्हा आईंना फोनपासून लांब ठेवा. रोज इकडून फोन गेला की तिकडच्या घरात कुणी तिला हाक मारत नाही.

कुकर अजिबात नको, तिथं घरोघरी आहे. गूळही नको, रापादुरा नावाने तोच मिळतो. मेतकूट, गोडा मसाला, हिंग कंपनीच्या पाकिटातला द्या. घरगुती लोणच्याची बरणी विमानतळावर काढून घेऊ शकतात. आणि एक्स्चेंजच्या पोरांचा तो निळा ब्लेझर एक माप मोठा शिवा. वर्षभर सगळ्या देशांच्या पिना टोचून तो जड होतो, आणि भात-कडधान्यावर पोरगीही.