दहा दिवसांत पायाची ताकद ५ किलोने कमी?

रेवा:
एसीएलची (गुडघ्यातल्या अस्थिबंधाची) शस्त्रक्रिया होऊन ५ महिने झाले. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद हातात धरायच्या डायनॅमोमीटरने (जोर मोजायच्या यंत्राने) मोजली: उजवा (शस्त्रक्रियेचा) ३१ किलो, डावा ३८. दहा दिवसांनी दुसऱ्या फिजिओने मोजली तर उजवा २६, डावा ३२. व्यायाम एक दिवसही चुकवला नाही हो. स्नायू खरंच उतरला का? काल रात्री झोपच लागली नाही.

मोजपट्टी:
रेवाताई, डावाही घसरलाय. धडधाकट पाय दहा दिवसांत ६ किलो कशाला गमावेल? उजव्या-डाव्याचं प्रमाण काढा: आधी ८२ टक्के, आता ८१. मी फिजिओ आहे, रोज हेच मोजते. यंत्र दोन्ही वेळा नडगीवर एकाच जागी टेकवलं होतं का?

रेवा:
नाही! पहिल्यांदा नडगीच्या मध्याच्या बरंच खाली, दुसऱ्यांदा घोट्याच्या अगदी वर. आत्ता टेपने मोजलं, गुडघ्यापासून साधारण ३० आणि ३६ सेंमी.

मोजपट्टी:
मग सापडलं. गुडघा ही बिजागरी. स्नायू तेवढंच बळ लावतो, पण यंत्र बिजागरीपासून जितकं लांब, तितका आकडा कमी. ३१ × ३० = ९३० आणि २६ × ३६ = ९३६. पाय तोच आहे. म्हणून नुसते किलो लिहू नयेत, अंतरही लिहावं. मी तर पेनाने खूणच करते. गुडघ्याचा कोनही तोच हवा, कारण कोन बदलला की जोर बदलतो.

सरावमित्र:
एक भर घालतो. यंत्र पट्ट्याने बांधलं होतं का, तेही विचारा. मांडीचा जोर मोठा असतो, धरणाऱ्याचा हात मागे सरकला तर आकडा त्याच्या ताकदीवर अडतो. शिवाय प्रत्येक मोजणीत थोडी चूक असतेच. चाचणीची प्रमाण त्रुटी (तोच पाय पुन्हा मोजला तर आकडा साधारण किती इकडेतिकडे होतो ते) २ किलो धरली, तर साधारण साडेपाच किलोंच्या आतला फरक खरा बदल मानता येत नाही (२ × १.९६ × √२).

मोजपट्टी:
बरोबर. आणि रेवाताई, नुसत्या टक्क्यांवरही विसंबू नका. शस्त्रक्रियेनंतर हालचाल कमी होते, तेव्हा चांगला पायही हळूहळू अशक्त होतो आणि प्रमाण उगाच छान दिसतं. पुढच्या वेळी त्याच व्यक्तीकडून, पट्टा बांधून, ३० सेंमीवरच मोजून घ्या. आधी एकदोन सरावाचे प्रयत्न करा, मग तीन मोजा.

रेवा:
नडगीवर खूण केली. मंगळवारी जाते, आकडे इथेच टाकते.