बाबांची स्प्लेंडर ५ वर्षं उभी आहे, सुरुवात कुठून करू?

लालबागच्या चाळीत जिन्याखाली बाबांची स्प्लेंडर आहे. ते गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही. टाकीचं झाकण उघडलं तर वार्निशसारखा उग्र वास आला. किक जाते, पण गाडी धरत नाही. विकायची नाही, मलाच चालवायची आहे.

उत्तर १: दादा, आधी किक मारणं थांबव. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल सोड, रात्रभर राहू दे, मग प्लग न लावताच हळूहळू किक फिरव. जुनं पेट्रोल सगळं काढ. टाकीत टॉर्च मारून गंज बघ, आपल्या खाऱ्या हवेत तो धरतोच. कार्ब्युरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, चिकट्याने बुजलेलं असणार. माझ्या गाडीचं उजेडाकडे धरलं तर आरपार दिसेना. तार मात्र घालू नकोस, भोक मोठं होईल. क्लीनर आणि हवेनेच साफ कर.

उत्तर २: ऑईल बदला. टायरला भेगा असतील तर नक्षी शाबूत असली तरी नवेच घ्या. आरसी (नोंदणीपत्र) नावावर करा, १५ वर्षं झाली असतील तर नूतनीकरणही.

प्रश्नकर्ता: जेट साफ केलं. काल सातव्या किकला धरली. आवाज ऐकून आई गॅलरीत आली.