हरलेला सीझन आणि गेलेले कोच सर: तुमचे अनुभव लिहा

भाचा काल सांगत होता, कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या सरांना काढलं, टीम सारखी हरत होती म्हणून. तेव्हापासून आमचे सर डोक्यातून जात नाहीयेत. आम्हीही त्या वर्षी इंटर-कॉलेजला एकही मॅच जिंकलो नव्हतो, कामठीच्या पोरांनी तर सहा गोल चढवले. पण जिंकणार कसे? पावसाळ्यात आमचं ग्राउंड म्हणजे नुसती काळी माती, बुटाखाली इतका चिखल बसायचा की हाफटाइमला पाणी प्यायचं सोडून काडीनं स्टड खरवडत बसायचो, त्यात ऐन मॅचच्या दिवशी दोन डिफेंडर प्रॅक्टिकलला. सर मानधनावर होते, पुढच्या वर्षी बोलावलंच नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्या बॉलमध्ये स्वतः हवा भरली. पिन आधी ओली करायची, मग सावकाश घालायची, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो, हे माझ्या हातात पिन देऊन परत एकदा दाखवलं आणि खोलीची किल्ली शिपायाकडे देऊन गेले. अन्याय झाला त्यांच्यावर. तुमच्याकडे असं झालंय का?

खामलेकरीण
हो!! आम्हा मुलींच्या टीमला अकरा जणी जमायच्याच मुश्किलीनं. सर घरी येऊन बाबांशी बोलायचे, काका अंधार पडायच्या आत घरी येईल, माझी जबाबदारी. थांबा कुकर झाला, येते

संत्रानगरी
कोच बदलला की लगेच टीम सुधारते हे कोणी डोक्यात भरवलंय देव जाणे. फर्ग्युसन १९८६ ला इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबला कोच म्हणून आला, पहिली ट्रॉफी १९९० ला, एफए कप. त्याच सीझनला लीगमध्ये १३व्या नंबरवर होते.

तर्रीपोहे
आणि आपले रहीमसाहेब, भारताच्या फुटबॉल टीमचे कोच, १९६२ ला जकार्तात एशियन गेम्सचं गोल्ड आणलं, पुढच्याच वर्षी कॅन्सरनं गेले. किती पोरांना माहीत आहेत? बाकी कोणी सांगा, नागपुरात बर्डीवर फुटबॉलचे चांगले बूट कुठं मिळतात, मुलाला पाहिजेत

कामठीचा पोट्टा
सहा गोलवाल्या टीममधलाच मी बाप्पा 😀 तुमचे सर पांढऱ्या टोपीवाले का? मॅच झाल्यावर आमच्या गोलकीपरले जवळ बोलावून, क्रॉस आला की कुठं उभं राहायचं ते सांगून राह्यले होते. दुसऱ्या टीमचा कोच असं करते का कधी? आमच्याकडं अजून आठवण काढतेत.

धागाकर्ता
हौ, तेच!! हे आम्हाला माहीतच नव्हतं रे. वाचून भरून आलं.

संत्रानगरी
नागपूरला असे लोक आहेत खरे. हिस्लॉप कॉलेजचे विजय बारसे सर बघा, पावसात तुटकी बादली लाथेनं खेळणारी पोरं पाहिली आणि २००१ ला त्यांच्यासाठी स्लम सॉकर सुरू केलं. कपाटात ट्रॉफ्या किती यावर अशा माणसाला कोण मोजणार

खामलेकरीण
आले. आमच्या सरांना काढलं तेव्हा आम्ही सगळ्यांच्या सह्या घेऊन प्रिन्सिपॉलना पत्र दिलं होतं, उत्तर आलंच नाही. मग प्रॅक्टिस बंद, टीम बंद. हरत का होईना खेळत तर होतो ना. माझा राग अजून गेला नाही. @तर्रीपोहे दुकान कुठलंही बघा पण पावसाळ्यात खेळणार असेल तर लांब स्टडचेच घ्या, छोट्या स्टडनी आपल्या मातीत पाय घसरतो