चिंक्वे तेर्रे चालत करायचंय, बाबांच्या गुडघ्याचं टेन्शन आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन इटलीला जातोय, ला स्पेत्सिया शहरात चार रात्री राहून चिंक्वे तेर्रेची समुद्रकाठची पाच गावं जमेल तेवढी चालत करायचीत. बाबा 67 चे, दोनदा पायी वारी केलीय त्यामुळे चालायचा प्रश्नच नाही, पण हल्ली जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरतात, ते बघून जीव खालीवर होतो. मोंतेरोस्सो ते व्हर्नात्सा साडेतीन किलोमीटरच आहे पण सगळा चढउतार, दगडी पायऱ्या, तर कुठल्या बाजूने सुरुवात केली तर गुडघ्यांना कमी त्रास होईल? कॉर्निलियाला स्टेशनपासून वर गावात जायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत, तिथे आम्ही बसच घेऊ. रिओमाज्जोरे ते मानारोला हा सपाट रस्ता 2012 ला दरड कोसळून बंद होता तो 2024 ला उघडला, त्याचं बुकिंग किती दिवस आधी केलंत? आणि आई शुद्ध शाकाहारी, फोकाच्यावर (तिकडचा एक पाव) चार दिवस निघतील का? ज्यांनी साठीपुढच्या आईवडिलांना नेलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, बाबांना हे मनापासून चालायचंय आणि मला त्यांना नाही म्हणायचं नाहीये.